देण्याआधी फोन पाहून घ्या

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात जालना येथे केलेले भाषण)



वर्षभराच्या कामाचा अहवाल छापून तुमच्या हाती दिलेला आहे, म्हणून तो मी वाचत नाही. मला आज एका लहान गोष्टीविषयी बोलायचे आहे. आपल्या घरातला जुना मोबाईल आपण वस्तीवरच्या कुटुंबासाठी देतो. त्या मोबाईलमध्ये नुसता टेकवून पैसे देण्या-घेण्याची सोय आहे की नाही, हे कसे पाहायचे? विषय ऐकून मागच्या बाकावरचे दोन तरुण हसले. हसू द्या. मीही हेच म्हणत होतो की यात पाहण्यासारखे काय आहे. त्यामुळेच माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक आधी सांगतो.

भोकरदन तालुक्यात डोंगराच्या बाजूला आपण जातो ती भिल्ल वस्ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली आहे. तिथे एक मावशी आहेत. सीताफळाच्या दिवसांत त्या पाटी भरून आठवडी बाजाराला येतात, एरवी शेतमजुरी करतात. खात्यात सरकारी योजनेचे पैसे येतात. ते काढायला त्या एका माणसाकडे जात. तो मशीनवर अंगठा लावून घेई आणि पैसे देई. किती निघाले आणि किती उरले, हे तो सांगेल तेवढेच. मावशींना अंकओळख आहे, पण पावती कधी हातात पडली नाही. एकदा त्यांनी मला विचारले, "दादा, माझं खातं मलाच का दिसंना?"

तो प्रश्न माझ्या मनात राहिला. आपल्या पेटीत आलेल्या फोनांतला एक चांगला दिसणारा फोन मी त्यांना नेऊन दिला. त्यांच्या मुलीने तो शिकून घेतला. खात्यातली शिल्लक दिसू लागली. इथपर्यंत सगळे ठीक होते.

पण मी एक वाक्य जास्त बोललो. बाजारात गर्दी झाली की रेंज जाते, हे मला माहीत होते. इंटरनेट नसतानाही फोनला फोन टेकवून पैसे जातात, असे मी वर्तमानपत्रात वाचले होते. मी त्यांना सांगून टाकले, "मावशी, रेंज गेली तरी काळजी नाही. गिऱ्हाइकाचा फोन तुमच्या फोनला टेकवायचा, पैसे येतात."

पुढच्या बाजारी एक गिऱ्हाईक आले. भारी फोन होता, खिशात सुट्टे पैसे नव्हते आणि रेंज गेलेली होती. मावशींनी मोठ्या विश्वासाने आपला फोन पुढे केला. पाठीला पाठ लावली, उलटा करून लावला, कव्हर काढून लावला. काही झाले नाही. चार माणसे जमली, हसली. गिऱ्हाइकाने निवडलेली फळे परत पाटीत ठेवली आणि ते निघून गेले.

गोष्ट इथेच थांबली असती तर मी तुम्हाला सांगितलीही नसती. मावशींना वाटले, सोय बंद असेल, चालू करून घ्यावी. त्या एका मोबाईलच्या दुकानात गेल्या. तिथल्या मुलाने साडेतीनशे रुपये घेऊन कसलेसे ॲप टाकून दिले आणि "झालं चालू" म्हणून सांगितले. मी पुढच्या भेटीत फोन पाहिला. त्या ॲपने फोनमधले सगळे मेसेज वाचायची परवानगी घेतलेली होती. बँकेचे ओटीपीसुद्धा मेसेजनेच येतात. खात्यातून काही गेले नव्हते, ही देवाची कृपा. ॲप काढून टाकले. साडेतीनशे रुपये मात्र गेले. वस्तीवर ती एका दिवसाची मजुरी आहे.

मावशी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आमाला सांगायच्या आदी तुमी पाह्यचं होतं ना, दादा."

खरे आहे. पाहायला एक मिनिटही लागत नाही. मी पाहिले नव्हते.

आता, काय पाहायचे ते सांगतो. टेकवून पैसे देण्याच्या सोयीला एनएफसी म्हणतात. फोनच्या आत एक छोटी चिप आणि तारेचे एक चपटे वेटोळे असते. ते तीन-चार सेंटीमीटर अंतरावरच्या दुसऱ्या वेटोळ्याशी बोलते. म्हणून फोन अगदी जवळ न्यावा लागतो. ही चिप कारखान्यातच बसवलेली असते. नसेल, तर कोणतेही ॲप टाकून ती येत नाही. "चालू करून देतो" म्हणून पैसे घेणारा माणूस फसवतो आहे, हे इथेच लक्षात ठेवा.

पाहण्याची पहिली रीत. फोनच्या सेटिंगमध्ये जा. वर शोधायची चौकट असते, तिच्यात एन, एफ, सी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहा. चिप असेल तर त्या नावाचे बटण समोर येते. काहीच आले नाही, तर बहुतेक करून चिप नाही. पडदा वरून खाली ओढला की वायफाय, टॉर्च अशी बटणे दिसतात, त्यांतही हे बटण असू शकते.

दुसरी रीत खात्रीची आहे. बटण चालू करा, फोनचे कुलूप उघडा आणि स्वतःचे बँकेचे कार्ड फोनच्या पाठीला लावून सावकाश वर-खाली सरकवा. कार्डावर एकामागे एक चार वाकड्या रेषांची खूण असली पाहिजे. चिप काम करत असेल तर फोन बहुधा टिक असा आवाज करतो, थरथरतो किंवा पडद्यावर काही सूचना येते. जाड किंवा लोखंडी चकती लावलेले कव्हर असेल तर ते आधी काढा.

तिसरी रीत. सेटिंगमध्ये "फोनविषयी" असे पान असते, तिथून मॉडेलचा पूर्ण क्रमांक उतरवून घ्या आणि कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर तपासा. भारतातल्या म्हणण्याचे कारण आहे. एकाच नावाचा फोन परदेशात चिपसह विकला जातो आणि आपल्याकडे तोच फोन स्वस्तात देण्यासाठी चिप गाळलेली असते. परदेशातल्या नातेवाइकाने "याच फोनमध्ये आहे" असे सांगितले, तरी त्यावर विसंबू नका.

आपल्या पेटीतले फोन मी आता असे तपासतो. चिप असलेले फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. स्वस्त फोनांत ती क्वचितच असते आणि आपल्याकडे दानात येतात ते बहुतेक असेच फोन.

पण बंधुभगिनींनो, चिप सापडली म्हणजे काम झाले असे नाही. हा माझ्या चुकीचा दुसरा अर्धा भाग आहे. मी जी बातमी वाचली होती ती खोटी नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या एका मोठ्या परिषदेत यूपीआयच्या काही नव्या सोयी जाहीर झाल्या. त्यांत यूपीआय लाइट एक्स ही एक होती. तिच्यामुळे इंटरनेट नसताना पैसे एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जातात. पण त्यासाठी चिप दोन्ही फोनांत हवी, ती सोय देणारे ॲप दोघांकडे हवे आणि देणाऱ्याने रेंज असताना आधीच थोडे पैसे त्या डिजिटल बटव्यात भरून ठेवलेले हवेत. यातले एकही नसेल तर पैसे जात नाहीत. दुकानात लावलेल्या खुणेला फोन टेकवून पैसे देण्याची सोयही त्याच वेळी जाहीर झाली. ती खूण दुकानदाराकडे हवी. आठवडी बाजारात ती कोणाकडे आहे?

आयफोनवाल्यांसाठीही एक शब्द. आयफोनमध्ये ही चिप २०१४ पासून आहे. तरी त्या कंपनीची स्वतःची टेकवून पैसे देण्याची सेवा भारतात पुढे कितीतरी वर्षे आलीच नाही. फोनमध्ये सोय असणे आणि आपल्या गावात ती चालणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे आपल्या राज्याने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्यातले मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांची ती बाजारपेठ. दुकानांत कार्डाची मशीन बसली, वडापाववाल्याकडेसुद्धा बसली. पुढे बातम्या आल्या की बराचसा व्यवहार पुन्हा रोखीवर गेला. मशीन दुकानात होती, पण पाड्यावरून येणाऱ्या माणसाच्या हातात कार्ड नव्हते आणि रेंजचाही भरवसा नव्हता. मी मावशींशी जे केले, तेच हे. देणाऱ्याने आपल्या बाजूची वस्तू पाहिली, घेणाऱ्याची बाजू पाहिली नाही.

मग वस्तीवर चालते काय? साधा क्यूआर कागद चालतो. त्यासाठी विकणाऱ्याच्या फोनमध्ये चिप लागत नाही. गिऱ्हाइकाच्या फोनला रेंज असली की पुरे. साध्या बटणांच्या फोनसाठी मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, फोन लावून बोलत्या सूचनांप्रमाणे पैसे पाठवता येतात. *९९# लावून इंटरनेटशिवाय शिल्लक पाहता येते आणि पैसेही पाठवता येतात. ही सोय मराठीतही आहे, मात्र काही कंपन्यांच्या सिमवर ती चालत नाही. तीही आधी लावून पाहावी.

बँकेच्या कार्डाविषयीही सांगतो, कारण वस्तीवर आता चार वाकड्या रेषांची कार्डे आली आहेत. असे कार्ड १ जानेवारी २०२१ पासून पाच हजार रुपयांपर्यंत पिनशिवाय चालू शकते. म्हणजे हरवलेले कार्ड दुसऱ्यालाही वापरता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ही सोय चालू किंवा बंद करायचा, मर्यादा ठरवायचा अधिकार कार्डधारकाला आहे. ज्या बहिणीला टेकवून पैसे द्यायचेच नाहीत, तिला ती बंद करून घ्यायला मदत करा.

आता माझी विनंती. पेटीत फोन टाकण्यापूर्वी एवढे करा. आपले गुगल खाते फोनमधून काढा, मगच फोन कोरा करा. खाते न काढता कोरा केला तर तो पुढच्या माणसासाठी कुलूपबंद होऊ शकतो. असे कितीतरी फोन आमच्या कपाटात पडून आहेत. फोन फार जुना असेल तर पैशांची ॲप त्यावर चालत नाहीत, म्हणून आपले रोजचे ॲप त्यात अजून उघडते का ते आधी पाहा. चार्जर द्या. आणि एक चिठ्ठी चिकटवा: मॉडेल कोणते, बॅटरी किती वेळ टिकते, एनएफसी आहे की नाही. "माहीत नाही" असे लिहिले तरी चालेल. आम्ही तपासू. पण न पाहता "आहे" असे लिहू नका.

ज्यांना वेळ आहे त्यांनी फोनबरोबर स्वतःही या. सिम त्या बहिणीच्याच नावाचे आहे का आणि तोच नंबर बँकेत जोडलेला आहे का, हे पाहायला बँकेत तिच्याबरोबर कोणीतरी उभे राहावे लागते. पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो, पिन फक्त देताना, हे वाक्य एकदा सांगून पुरत नाही. दर भेटीत सांगावे लागते. आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, हे घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे लागते. आम्ही खडूने लिहितो. पावसाळ्यात पुसले जाते, पुन्हा लिहितो.

मावशींचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. त्यांचे साडेतीनशे रुपये मी माझ्या खिशातून दिले. आधी घेत नव्हत्या. मी म्हटले, चूक माझी आहे, तेव्हा घेतले. गेल्या हंगामात त्यांच्या पाटीला क्यूआरचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून बांधलेला होता. रेंज गेली की त्या सरळ सांगतात, "रोख असंल तर द्या, नसंल तर पुढल्या बाजारी या." आणि महिन्याच्या शेवटी मुलीला जवळ बसवून शिल्लक स्वतः वाचतात, बोट ठेवून, एक-एक आकडा.

त्यांच्या फोनमध्ये एनएफसी नाही. आता ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

मेळावा संपला की दाराजवळच्या टेबलावर मी बसतो आहे. आपला फोन घेऊन या, दोघे मिळून पाहू. त्या दोन तरुणांनी आधी यावे. त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर जमेल आणि पुढच्या शनिवारी वस्तीवर जायला मला दोन माणसे हवी आहेत.