कर्जतच्या घरात समुद्राचा मासा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



पाककृती, शिवण, आरोग्य या विषयांवर आपल्या मंडळात पुष्कळ भाषणे होतात. आज मला माशांवर बोलावयास सांगितले आहे, आणि तेही रश्श्यातल्या नव्हे! माझे माहेर मालवणचे. त्यामुळे समुद्र म्हटला की तुम्ही माझ्याकडे बोट दाखवता. पण कारण तेवढेच नाही. हल्ली आपल्या घरोघरची मुले 'निमो' मासा हवा म्हणून हट्ट धरतात. 2003 साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला तेव्हापासून त्या केशरी अंगाच्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या माशाला जगभर हेच नाव पडले आहे. त्याचे खरे नाव क्लाऊनफिश, म्हणजे विदूषक मासा. तो विकत कसा निवडावा, आणि मुळात घ्यावा की न घ्यावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपले कर्जत हे रायगडातले रेल्वेचे कर्जत नव्हे. आपल्याकडे पाऊस बेताचा, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे नेहमीचे. अशा गावी समुद्राचे पाणी घरात तयार करावयाचे म्हणजे आधी हिशेब मांडावा लागतो. दोन माशांच्या जोडीला शंभर लिटरची टाकी चांगली. लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्या वेळी साडेतीन किलो. हे मीठ आपल्या डब्यातले नव्हे. खाण्याच्या मिठात बहुतेक सोडियम क्लोराइडच असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे आणखी पुष्कळ क्षार असतात. म्हणून मत्स्यालयासाठी वेगळे सागरी मीठ मिळते, तेच घ्यावे.

पाणीही बोअरचे चालत नाही, ते गाळलेले लागते. गाळण्याच्या यंत्रातून जे पाणी वाया जाते ते भांडी आणि फरशी यांना वापरता येते, ते मोरीत सोडू नये. आठवड्याला दहा लिटर पाणी बदलावे लागते. काढलेले खारे पाणी तुळशीला किंवा परसातल्या झाडांना मात्र चुकूनही घालू नका. आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. पाणी उडून जाते, मीठ उडून जात नाही. टाकीतले पाणी कमी झाले की वरून गोडेच पाणी घालावयाचे. खारे घातले तर दिवसेंदिवस खारटपणा वाढत जातो.

टाकी भरली म्हणजे लगेच मासे आणावेत असे नाही. दुधाला विरजण लावले की दही एका रात्रीत लागते. या पाण्याला विरजण लागावयास महिना-सव्वा महिना जातो. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जंतू त्याचे पुढे नायट्रेट करतात, आणि ते मासे बरेच सोसतात. हे जंतू दगडांवर व वाळूत वसल्याशिवाय मासा सोडणे म्हणजे त्याचे हाल करणे. म्हणून रिकाम्या टाकीत चिमूटभर माशांचे खाद्य टाकीत राहावे आणि तपासणीच्या पेटीने पाणी पाहावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, की मगच दुकानाची वाट धरावी.

आता निवडीकडे वळू. विदूषक माशांच्या जवळजवळ तीस जाती आहेत. आपल्या देशात अंदमान, लक्षद्वीप आणि मन्नारचे आखात येथे त्यांपैकी काही आढळतात. नवशिक्याने 'ओसेलारिस' हीच जात घ्यावी. ती स्वभावाने शांत, काटक आणि खाण्याला चांगली. 'मरून' नावाची जात दिसावयास राजबिंडी, पण मोठी झाली म्हणजे टाकीतल्या कोणाला सुखाने राहू देत नाही. काळ्या-पांढऱ्या, चित्रविचित्र पट्ट्यांचे मासे महाग मिळतात. त्यांतले पुष्कळसे ओसेलारिसच असतात. रंगापायी पैसे घालवण्याचे कारण नाही.

दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा: मासा समुद्रातून पकडलेला की टाकीत जन्मलेला? टाकीत जन्मलेलाच घ्या. त्याला काचेची आणि कोरड्या खाद्याची सवय असते, रोगही कमी असतो. शिवाय आपल्या हौसेसाठी समुद्रातले एखादे घर मोडत नाही. काही देशांत प्रवाळातले मासे पकडण्यासाठी पाण्यात सायनाइडही सोडले गेले आहे. हे ऐकल्यावर तरी आपण विचारून घ्यावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात या माशांची पैदास करण्याची रीत बसवली आहे, आणि आपल्या राज्यात नवी मुंबईजवळ ऐरोलीलाही असे केंद्र आहे. लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर तर तेथील भगिनी शोभेच्या सागरी कोळंबीचे संगोपन शिकल्या आहेत. हा धंदा बायकांच्या हाताला जमणारा आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरे, आपल्यासमोर माशाला खावयास घालावयास सांगा. जो धावून खातो तो घ्या. डोळे स्वच्छ, पंख अखंड, कल्ले शांतपणे हलणारे असावेत. अंगावर पांढरे ठिपके किंवा पिठासारखा थर असेल, तर त्याच टाकीतला दुसराही मासा घेऊ नका. डुलत-डुलत पोहणे ही मात्र याची जन्मजात चाल, तिला आजार समजू नका. पट्टा थोडा वाकडा असला तरी काही बिघडत नाही.

तिसरे, जोडी कशी निवडावी? येथे मोठी मौज आहे. हे सगळे मासे जन्मतः नर असतात. कळपात जो सर्वांत मोठा होतो तो मादी बनतो, आणि राज्य तिचे! दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नवरा. अंड्यांना वारा घालणे, ती साफ ठेवणे हे बहुतेक काम त्याचे. मादी गेली तर तोच पुढे मादी होतो. चित्रपटातल्या निमोच्या वडिलांचे खरे पाहता काय झाले असते, याचा विचार घरी जाऊन करा! (हशा) पण एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन्ही मोठे मासे आणले आणि दोघीही माद्या निघाल्या, तर भांडण जिवावर बेतते. दोन्ही लहान वयाचे घ्यावेत, एक थोडा मोठा, एक लहान. बाकीचे तेच आपसांत ठरवतात.

समुद्रात हा मासा समुद्रफुलात, म्हणजे ॲनिमोनमध्ये राहतो. त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला त्या फुलाचा डंख लागत नाही. म्हणून पुष्कळजण माशाबरोबर तेही आणतात. नवशिक्याने आणू नये. त्याला तीव्र उजेड आणि जुनी, मुरलेली टाकी लागते. ते मेले तर सगळे पाणी नासते. टाकीत मासा त्याच्यावाचून सुखाने राहतो. आणि खरे प्रवाळ कोणी स्वस्तात देऊ लागला तर हात जोडा. वन्यजीव कायद्याने त्याला 2001 पासून संरक्षण आहे.

आता अवघड गोष्ट. या माशाला 24 ते 27 अंशांचे पाणी मानवते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. टाकी घरातल्या सर्वांत गार खोलीत, उन्हापासून दूर ठेवावी. पाण्यावर लहान पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणीही जास्त उडते. वीज गेल्यावर चालणारा हवेचा पंप घरात असावाच. एवढ्यानेही भागले नाही तर गार करण्याचे यंत्र लागते, आणि ते स्वस्त नाही.

मासा नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. आज हट्ट करणारी नात तेव्हा सासरी गेलेली असेल, आणि टाकी आपल्या गळ्यात! तेव्हा, भगिनींनो, खरेदीआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. टँकरच्या दिवसांत आठवड्याला दहा लिटर गाळलेले पाणी आणि रोजची तूट मी देऊ शकेन का? मे महिन्यात टाकी गार ठेवू शकेन का? मी गावाला गेले तर कोण पाहील? एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर मुलाची समजूत घालावी आणि त्याला गोड्या पाण्यातले गप्पी आणून द्यावेत. त्यात कमीपणा नाही.

माझी एक सूचना आहे. घरोघर टाक्या करण्यापेक्षा मंडळाच्या वाचनालयात एकच टाकी ठेवावी, आणि पाण्याची व खाद्याची पाळी आठवड्याने वाटून घ्यावी. गावातली सगळी मुले तेथे येऊन पाहतील, आणि पाणी एकाच टाकीला लागेल. कार्यकारिणीने पावसाळ्यानंतर यावर विचार करावा, अशी माझी विनंती आहे.