आपले पुस्तक आपण निवडावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज मी एक साधीच गोष्ट सांगणार आहे. ती म्हणजे वाचनालयात स्वतः जाण्याची.

माझ्या आईला वाचनाचे फार वेड. पण वाचनालयाची पायरी ती कधी चढली नाही. “गोष्टीचे काहीही द्यावे” अशी चिठ्ठी घेऊन आम्ही मुले जायचो आणि मिळेल ते आणायचो. पुष्कळदा वाचलेलेच पुस्तक पुन्हा येई. ती काही बोलत नसे, तेच परत वाची. तिलाही आवडनिवड असेल, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

वाचनालये आपल्याकडे नवीन नाहीत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे. दार कधीचे उघडे आहे. आत जायचे ते आपणच.

जेथे कपाटे वाचकांना खुली असतात तेथली मौज काही और! मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत ६३० ला शेती, ६४१ ला पाकशास्त्र, ६४६ ला शिवणकाम आणि ६४९ ला बालसंगोपन येते. म्हणजे लोणच्याची कृती शोधायला जावे आणि चार पावलांवर परसबागेचे पुस्तक हाती लागावे. घरून नाव कळवले, किंवा आता फोनवरून मागवले, तर मागितले तेवढेच येते. न मागितलेले मिळायला मात्र पायच झिजवावे लागतात.

शिवाय पुस्तक चाळता येते, चार ओळी वाचून परत ठेवता येते. ग्रंथपाल आपली आवड ओळखू लागतात. आणि तेवढा अर्धा तास “माझा डबा कुठे आहे?” असे कोणी विचारीत नाही. तेथे आपण कोणाच्या आई नसतो, कोणाच्या सूनबाई नसतो. नुसत्या वाचक असतो.

प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे तत्त्व डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. माझ्या आईचे पुस्तक कोठल्यातरी कपाटात तिची वाट पाहत राहिले असेल, असे मला अजून वाटते.

म्हणून एकच विनंती. महिन्यातून एक दुपार आपण मिळून वाचनालयात जाऊ या. ज्यांना जिना चढवत नाही, त्यांना दोघींनी हात द्यावा. चिठ्ठी मात्र कोणी पाठवू नये.