उतारशाळेच्या रखवालदाराचे काम

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कामाचा अहवाल व हिशेबपत्रके आपल्या हाती आहेतच. ते आकडे पुन्हा वाचून दाखवण्याऐवजी, ज्या प्रेरणेने हे काम चालते तिच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

ख्रिस्ताचे शिष्यत्व म्हटले की उपासनामंदिर, प्रार्थना आणि प्रवचन डोळ्यांपुढे येते. मिशन म्हटले की घरदार सोडून दूरदेशी गेलेला मिशनरी आठवतो. परंतु या शब्दाच्या मुळाशी ‘पाठवणे’ एवढाच साधा अर्थ आहे. कोणाला शस्त्रक्रियागृहात पाठवलेले असते, कोणाला धुलाईघरात, तर आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना हिशेबाच्या मेजावर. जेथे पाठवले तेथील रोजचे काम ज्या रीतीने होते, त्या रीतीतच शिष्यत्व दिसते किंवा दिसत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकले. याजक बाजूने निघून गेला, लेवीही निघून गेला. ज्या शोमरोन्याला यहुदी समाज परका मानीत असे, तो मात्र थांबला. दाखला सांगताना आपण बहुधा येथेच थांबतो. त्याचा उत्तरार्ध आम्हांला अधिक विचार करावयास लावतो.

शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि रात्रभर त्याची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी रखवालदाराच्या हाती चांदीची दोन नाणी ठेवली. त्या काळच्या मजुराची ती दोन दिवसांची मजुरी. शिवाय जो अधिक खर्च होईल तो परतताना देण्याचे वचन दिले. म्हणजे त्याच्या करुणेत साहित्य होते, वाहन होते, वेळ होता, आगाऊ रक्कम होती आणि पुढील खर्चाची हमीही होती. हृदय द्रवणे ही करुणेची सुरुवात होय. तिचा खर्च उचलणे ही तिची पूर्तता होय.

या दाखल्यात रखवालदार एक शब्दही बोलत नाही. तरीही आम्हां रुग्णालयवाल्यांची जागा त्याचीच आहे. दुसऱ्याने विश्वासाने दिलेले धन त्याच्या हाती आहे आणि अनोळखी जखमी त्याच्या खाटेवर आहे. धन देणारा वाटेला लागला आहे. पाहणारे कोणी नाही. तेल कमी वापरून हिशेबात अधिक दाखवणे त्याला कठीण नव्हते. म्हणूनच पावती वेळेवर देणे, औषधाचा साठा मोजून ठेवणे, देयकात न केलेली तपासणी न लावणे, या गोष्टींना आम्ही केवळ कार्यालयीन शिस्त समजत नाही. चोख हिशेब हीदेखील उपासना आहे.

आपल्या महाराष्ट्राने असे शिष्यत्व जवळून पाहिले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवांना केडगावी आणले. अन्नवस्त्र देऊन त्या थांबल्या नाहीत. मुक्ती सदनात शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना उभा राहिला. अंध स्त्रियांनाही लिहिण्यावाचण्याचे शिक्षण मिळाले. हिब्रू व ग्रीक मुळावरून रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळवले. प्रार्थना आणि तेलघाणा एकाच आवारात सुखाने नांदत होते.

डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले. १९२८ पर्यंत त्यांनी या भागाची सेवा केली. स्वतःच्या कौशल्यावर लौकिक मिळवून ते स्वस्थ बसले नाहीत. येथील तरुणांना वैद्यकीचे शिक्षण देण्याची सोय त्यांनी केली. आपल्यामागे काम चालू राहावे, ही काळजी वाहणे हाही सेवेचाच भाग होय. सांगली-मिरजेच्या परिसरातील वानलेसवाडी त्यांचे नाव आजही सांगते.

आता आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांना लागू आहे. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते.

कायद्याचे पालन झालेच पाहिजे. परंतु कायदा खाट देववू शकतो. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाशी कोणत्या स्वरात बोलावे, हे तो शिकवू शकत नाही. शिधापत्रिका पुढे करताना बापाचा हात संकोचाने थरथरतो. रांगेतल्या दहा जणांसमोर त्याची गरिबी मोठ्याने विचारली गेली, तर खाट विनामूल्य मिळूनही त्याने फार मोठे मोल दिलेले असते. त्याला बाजूला बसवून, हळू आवाजात, आदराने माहिती विचारण्यास एक पैसाही लागत नाही. रुग्णालयाची खरी परीक्षा या खिडकीवर रोज होते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. शोमरोन्याने जखमीला त्याचा धर्म विचारला नाही, आणि बरा झाल्यावर कृतज्ञतेपोटी काही मान्य करण्याची अटही घातली नाही. आजारी माणूस अगतिक असतो. त्याच्या अगतिकतेचा उपयोग कोणत्याही हेतूने, अगदी धर्माच्या हेतूनेही, करणे हे शिष्यत्वाशी विसंगत आहे. येथे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपली श्रद्धा जशी आणली तशीच सन्मानाने परत न्यावी.

देणगीदारहो, चांदीची नाणी आपण दिली आहेत. शोमरोन्याचे दुसरे वचनही आपण लक्षात ठेवावे, ही विनंती. कारण जखम एका रात्रीत भरत नाही. विश्वस्तहो, नाण्यांचा हिशेब आपण आम्हांला निःसंकोच विचारावा. आप्तेष्टहो, आमच्या खिडकीवर आपल्याला कोणता स्वर ऐकू आला, हे आम्हांला सांगावे. ताळेबंदात त्या स्वरासाठी रकाना नाही. तो आपल्याच शब्दांनी भरावयाचा आहे.