बाळंतिणीच्या अंगावरचं कापड

मला कापडावर बोलायचंय. मागच्या रांगेतल्यांनी हसून घ्या, मग ऐका.

आपल्या वस्तीत पोरगी बाळंत होऊन घरी आली की महिन्याच्या आत सुरू होतं, "अगं, पोट अजून तसंच? बांधलं नव्हतंस का?" सासू बोलते, शेजारीण बोलते. आणि समतेवर तासभर बोलणारा नवरा बोलत नाही, नुसता बघतो. ते बघणं जास्त लागतं.

पोट तसंच दिसणार. पिशवी मूळ आकाराला यायलाच सहा आठवडे लागतात. पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकलेले असतात, ते जवळ यायला कित्येक महिने जातात, काहींचे पुरते येतही नाहीत. जुनं लुगडं कचकचून आवळल्यानं ते जुळत नाहीत. आधारापुरतं बांधा, कंबरेला बरं वाटतं. पण श्वास कोंडेल असं बांधलं तर सगळा दाब खाली जातो, ढिल्या पडलेल्या अंगावर. घट्ट ब्लाऊजनं छातीत दुधाच्या गाठी होऊ शकतात, ते वेगळंच. आणि "कमी खा, बारीक हो" म्हणणाऱ्यांना सांगते, पाजणाऱ्या बाईला रोज पाचेकशे कॅलरी जास्त लागतात. पोर दूध ओढतंच. ताटात नसलं तर ते आईच्या अंगातून जातं.

आता घालायचं काय? जुना ब्लाऊज बसत नाही. शिंप्यानं ठेवलेली माया उसवून इंच-दीड इंच मिळतो, तेवढ्यानं भागत नाही. पंजाबी ड्रेस पाजायला अख्खा वर करावा लागतो. मग गाऊन आणि वरून ओढणी, नाहीतर नवऱ्याचा जुना शर्ट. शर्ट तर उत्तम! पुढं बटणं, अंगाला ढिला, खर्च शून्य. पण तो घालून नळावर गेली की "हिला लाज नाही". 2014 साली नवी मुंबईतल्या गोठिवलीत दिवसा गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या बाईला 500 रुपये दंड जाहीर झाला होता. जाहीर करणारं महिला मंडळच!

इथं आपलेच काही शहाणे महाड काढतात. बाबासाहेबांनीच बायकांना नीट नेसायला सांगितलं, म्हणतात. सांगितलं, डिसेंबर 1927 मध्ये. पण काय सांगितलं? गळ्यातल्या गळसऱ्या, कोपरापर्यंतच्या पाटल्या, गुडघ्यावरचं लुगडं, म्हणजे लांबून बघून जात ओळखू यावी अशी सगळी खूण टाका. आणि बायकांनी टाकली. तिकडं त्रावणकोरात नाडर बायकांना छाती झाकायची मोकळीक 1859 साली मिळाली, तीही सवर्ण बायकांच्या तऱ्हेनं झाकायची नाही या अटीवर. आपल्या बाईच्या अंगावरचं कापड दुसऱ्यानं ठरवायचं, हा जुना धंदा आहे. महाडला तो मोडला. त्याच महाडचं नाव घेऊन ओल्या बाळंतिणीला "सभेला असं ढगळ येऊ नको" म्हणणाऱ्याला काय म्हणावं? मी इथं शिवी देणार नाही, पोरं बसलीत.

बाबासाहेबांचं दुसरं एक काम यांना आठवत नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा ते त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, ही त्यांची बाजू. पुढच्याच वर्षी कायदा झाला. 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे दिले. पण चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला कुठले आठवडे? ती सव्वा महिन्यात परत कामावर. दुपारपर्यंत छाती भरते, ब्लाऊज पुढून भिजतो, ती पदर ओढून घेत भांडी घासते. मालकीण म्हणते, जरा नीट येत जा.

तर बारीक होण्याची घाई या बाईला कुठून परवडणार? तिला आधी दोन सैल ब्लाऊज पाहिजेत, पुढून हुकाचे, मऊ सुती. आणि सुट्टी.

एक मागणी आत्ताच मांडते, बैठकीच्या वहीत लिहून घ्या. या हॉलच्या त्या कोपऱ्यात पुढच्या रविवारपासून चटई टाकायची. पडदा ज्या बाईला पाहिजे तिच्यासाठी, नको तिला नको. आणि आई बोलायला उभी राहील तेव्हा पोर कुणी घ्यायचं, ती पाळी पुरुषांची. नावं कोण देतंय?