जिवाचा हिशोब आणि नव्याचा सण

 

आज आम्ही एका सणाबद्दल बोलणार आहोत. सण ज्यू लोकांचा, पण त्याचं एक नाव अगदी मराठी आहे : नव्याचा सण. आपल्या रायगड जिल्ह्यात शेकडो वर्षं राहिलेल्या बेने इस्रायली लोकांनी त्याला हे नाव दिलं. हिब्रू भाषेत त्याला रोश हशाना म्हणतात, म्हणजे वर्षाचं डोकं, वर्षाची सुरुवात. जुन्या बायांना हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून माहीत असतील. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. नवगावच्या किनाऱ्याजवळ आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी कथा त्यांच्यात सांगतात. १९४८ साली इस्रायल देश झाला. त्यानंतर पुढच्या काही वर्षांत यातली पुष्कळ घरं तिकडे गेली. जाताना पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावं घेऊनच गेली. अलिबागेत त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, आजही उभं आहे.

त्यांचे महिनेही आपल्यासारखेच चंद्रावर चालतात आणि आपल्या अधिक मासासारखा त्यांच्यातही जास्तीचा महिना येतो. म्हणून हा सण बहुतेक वर्षी आपल्या घटस्थापनेच्या आसपास पडतो, कधी महिनाभर आधी. म्हणजे भात पोटरीला आलेलं असतं, कापणी अजून लागलेली नसते. बायांना जरा श्वास घ्यायला मिळतो तो हाच काळ.

आता तुम्ही विचाराल, बचत गटाच्या बायकांना या सणाचं काय? सांगतो आम्ही.

नवीन वर्ष लागलं की नवा संकल्प करायचा, हे सगळेच करतात. गुढीपाडव्याला करतात, एक जानेवारीला करतात. शिवण शिकेन, रोज चालायला जाईन, घरखर्च लिहून ठेवीन. आठवड्याभरात विसरून जातात. या लोकांची रीत वेगळी आहे. नवं वर्ष लागायच्या आधी अख्खा महिना ते मागचं वर्ष तपासतात. त्या महिन्याचं नाव एलूल. आपल्या कोकणातले बेने इस्रायली त्याला ‘रमजान’ म्हणत, कारण त्या महिन्यात ते उपास धरत. शब्द शेजारच्या मुसलमानांकडून उचललेला. एलूल लागल्यापासून नव्याच्या सणापासूनच्या दहाव्या दिवसापर्यंत ते चाळीस दिवस धरतात. त्यातला जवळजवळ महिना मागे वळून बघण्यात जातो.

या मागे वळून बघण्याला हिब्रूत ‘हेश्बोन हानेफेश’ असं नाव आहे. नेफेश म्हणजे जीव. आणि हेश्बोन म्हणजे? ओळखीचा वाटतो ना शब्द? आपला ‘हिशोब’ अरबीतून आला. अरबी आणि हिब्रू या बहिणी-बहिणी, दोघींत हा शब्द एकाच मुळाचा. म्हणजे जिवाचा हिशोब. हे कळलं तेव्हा आमच्या गटात हशा पिकला. हिशोबाच्या वह्या आमच्याकडे ढीगभर : बचतीची, कर्जाची, इतिवृत्ताची. जिवाची वही कोणाकडेच नव्हती.

ती आम्ही गेल्या वर्षी घातली. एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो. त्यांचा सण त्यांचा. आम्ही त्यांची प्रार्थना केली नाही की उपास धरला नाही, फक्त हिशोबाची रीत घेतली. अकरा जणी होतो. प्रत्येकीने रोज संध्याकाळी एक ओळ लिहायची : आज आपल्या हातांनी आपल्या आवडीचं काय केलं? विकायचं नाही, घरच्यांसाठी नाही, आपल्या आवडीचं. संध्याकाळ मुद्दाम निवडली. ज्यूंचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. सकाळपासून सुरू होणारा दिवस बाईच्या वाट्याला कधी येतो? पाणी, डबे, गुरं, मग मजुरी. दिवस संध्याकाळी सुरू झाला असं धरलं, तर पहिला तास तरी आपला म्हणता येतो.

पहिल्या दोन आठवड्यांच्या ओळी वाचल्या तर त्यात काहीच नव्हतं. ‘आज नाही.’ ‘आज नाही.’ ‘पापड लाटले, पण ते ऑर्डरीचे.’ एकीने तर ‘कालचंच’ एवढंच लिहिलेलं. पण महिना संपता संपता त्या ‘नाही’मधूनच कळायला लागलं की कोणाचं काय राहिलंय. एकीची गोधडी चार वर्षं अर्धी पडली होती. एकीला सही येते, पण पत्र लिहिता येत नाही, ते शिकायचं होतं. आणि आमच्यातल्या बारावी झालेल्या एका सुनेला धवले लिहून घ्यायचे होते.

आगरी घरातल्या बायांना धवले सांगायला नकोत. इतरांसाठी सांगतो : आगरी लग्नात धवलारीण जी गाणी गाते, ते धवले. आमच्या गावच्या धवलारीण आजींचं वय झालंय, नजर अधू झालीय. सगळं तोंडपाठ आहे, पण कागदावर एक अक्षर नाही. दूर केरळात कोचीनला ज्यू बायका होत्या, त्या आपली मल्याळम गाणी हाताने वहीत उतरवून ठेवायच्या. वही आईकडून मुलीकडे जायची. त्या वह्या राहिल्या म्हणून ती गाणी आज अभ्यासकांच्या हाती आहेत. हे ऐकून आमची सून म्हणाली, मग आपणही वही घालू.

पण आजी आणि ही सून वर्षभर बोलत नव्हत्या.

झालं होतं असं. आजींच्या लेकीने गटातून कर्ज घेतलं होतं आणि दोन हप्ते थकले होते. बैठकीत ही सून सगळ्यांदेखत बोलून गेली, “हप्त्याला पैसे नाहीत, लग्नात मिरवायला नवी साडी बरी मिळते.” आजींनी त्या दिवसापासून तिच्या दारावरून जाणं सोडलं.

इथे नव्याच्या सणापुढचे दहा दिवस कामाला येतात. दहाव्या दिवशी योम किपूर, क्षमेचा दिवस. त्या दिवशी ज्यू लोक उपास करतात, पाणीसुद्धा घेत नाहीत. आपल्याकडचे बेने इस्रायली दारं लावून घरात राहत, म्हणून त्याचं मराठी नाव दारफाळणीचा सण. त्यांच्या धर्मशास्त्रात एक स्पष्ट नियम आहे : देवाचं काही चुकलं असेल तर या दिवशी देवाकडे माफी मिळते. माणसाचं चुकलं असेल तर आधी त्या माणसाकडे जायचं, त्याची समजूत काढायची. त्याशिवाय या दिवसाचा उपयोग नाही. तोही ऐकत नसेल तर पुन्हा जायचं. तीनदा जावं असं सांगितलंय.

आम्हाला हे फार व्यवहाराचं वाटलं. आपण संकल्प करतो तो एकटीचा समजून करतो, आणि तो अडतो मात्र दुसरीच्या दारात. सून गेली. पहिल्या खेपेला आजी म्हणाल्या, “माझं डोकं दुखतंय,” आणि आत निघून गेल्या. चार दिवसांनी परत गेली, तेव्हा बसायला पाट मिळाला. ती म्हणाली, “आजी, मी साडीचं बोलले ते चुकीचं बोलले.” आजी म्हणाल्या, “आणि हप्त्याचं?” ती म्हणाली, “हप्त्याचं बरोबर होतं.” आजी हसल्या म्हणे. तिसऱ्या खेपेची गरज पडली नाही.

हप्ता माफ झाला का? नाही, बायांनो. इथे त्या लोकांची आणखी एक रीत सांगण्यासारखी आहे. योम किपूर लागायच्या संध्याकाळी ‘कोल निद्रे’ नावाचं पठण होतं. कोल निद्रे म्हणजे सगळे नवस. देवाला बोललेले आणि आपल्याच्याने न फिटणारे नवस त्यात सोडवले जातात. पण माणसाला दिलेला शब्द आणि माणसाचं देणं त्यातून सुटत नाही. साडीचा टोमणा मागे घेता येतो, थकलेले हप्ते भरावेच लागतात. लेकीने ते भरले, एक आश्विनात आणि एक दिवाळीनंतर.

न फेडलेल्या नवसाची त्यांना इतकी धास्ती, की काही करीन म्हणताना धर्म पाळणारे बरेच जण मागे ‘ब्ली नेदेर’ असं जोडतात. म्हणजे, करीन, पण हा नवस नव्हे. आमच्या गटात काहींना हे पळवाटीसारखं वाटलं. आम्हाला नाही वाटत. आपल्याकडच्या बायका नवस बोलतात, मग तो फिटला नाही म्हणून वर्षानुवर्षं मनात झुरतात. गोधडीचा नवस कशाला करायचा? गोधडी शिवायची आहे, एवढं पुरे. सुनेनेही ‘सगळे धवले लिहीन’ असं म्हटलं नाही. आठवड्याला एक, आजींना बरं असेल तेव्हा, असं ठरवलं.

दिवाळीपर्यंत सात झाले. अडचण अशी की आजी तोच धवला दर वेळी थोडा वेगळा म्हणतात. सून विचारते, यातला खरा कोणता? आजी म्हणतात, नवरीचं घर बघून म्हणायचं असतं. म्हणून आता वहीत डाव्या पानावर एकदाचं आणि उजव्या पानावर दुसऱ्यांदाचं, असं लिहितात. गोधडी अजून पुरी झालेली नाही. पत्र शिकणाऱ्या ताईंनी मात्र मुंबईच्या भावाला दोन पानी पत्र धाडलं. भावाने फोन करून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

यंदाही आम्ही वही घालणार आहोत. तुमच्या गटाला करायची असेल तर गणपती गेले की पुढच्याच बैठकीत विषय काढा. दहा रुपयांची वही चालते. गटाच्या कपाटात ठेवू नका, प्रत्येकीने आपल्याच घरी ठेवायची, दुसरीने वाचायची नाही. लिहिता येत नसेल तर केलं त्या दिवशी टिकली चिकटवा, नाही केलं तर जागा रिकामी सोडा. पहिल्या महिन्यात नवं काही ठरवायचं नाही, नुसतं बघायचं. मग दहा दिवस राहिलेल्या गाठीभेटींचे. बेने इस्रायली घरांत योम किपूरच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणत. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि ओळखीच्यांना भेटायला जायचं. आम्ही आमची ठरवायची बैठक गेल्या वर्षी त्याच दिवशी ठेवली होती आणि नव्या तांदळाची खीर केली होती, नारळाच्या रसातली. तांदूळ हळव्या भाताचा होता, एकीच्या शेतातला, थोडाच मिळाला. यंदा दोघींनी आणायचं कबूल केलंय. नवस न करता.