नागलीचे कूळ

भगिनींनो, आपल्या मोखाड्याच्या वरकस जमिनीतली नागली भात-वरईच्याच गोतातली, म्हणजे गवताच्या कुळातली एकदल वनस्पती. तिला सोटमूळ नसते, तंतुमुळांचा झुबका असतो. तोच उतारावरची माती धरून ठेवतो नि जमिनीतला चुना, म्हणजे कॅल्शियम, ओढून घेतो. शंभर ग्रॅम नागलीत ते सुमारे ३४० मिलिग्रॅम असते. तांदळात त्याचा दहावा हिस्सादेखील नाही! मात्र त्यातले बरेचसे दाण्याच्या तांबड्या सालीत असते, आणि आपण पीठ पांढरे दिसावे म्हणून नेमका कोंडाच चाळून टाकतो. शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली, हे कोण विसरेल? तेव्हा चाळण बाजूला ठेवा. मोड आणून दळलेली नागली तर लहानग्यांना पचायलाही हलकी जाते.