कोयनेची वीज आणि कोयनेचा शेतकरी
(शाळेच्या आवारांत भरलेल्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



बटन दाबलें कीं आपल्या घरांत दिवा लागतो. तो उजेड कोठून आला व त्याची किंमत कोणी मोजली, हें आपणांस ठाऊक असलें पाहिजे.

कोयना महाबळेश्वरीं उगम पावते व कऱ्हाडास कृष्णेला मिळते. पाटण तालुक्यांत तिला 103 मीटर उंचीचें धरण घातलें, तोच शिवसागर. यांतलें बरेंचसें पाणी पूर्वेला न सोडतां सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यानें कोंकणांत उतरवितात. साडेचारशें मीटरांहून अधिक उंचीवरून तें पोफळीस डोंगर कोरून केलेल्या वीजघरांत चाकावर आदळतें. ओढ्यावरची पाणचक्की असते तसेंच हें; येथें पिठाऐवजीं वीज पडते, इतकेंच. कोळशाची भट्टी तापावयास तास लागतात, हें चाक मिनिटांत फिरतें. म्हणून संध्याकाळीं मागणी वाढली कीं कोयनेकडे धाव.

1962 सालीं पहिली वीज निघाली. 13 मार्च 1999 रोजीं जलाशय रिकामा न करतां तळाशीं सुरुंगानें वाट पाडून चौथ्या टप्प्यासाठीं पाणी घेतलें. आज एकंदर क्षमता 1,960 मेगावॅट आहे. विद्येचा हा पराक्रम खरा.

आतां खर्चाची बाजू पाहा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप होऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं. शास्त्रज्ञ त्याचा संबंध जलाशयाशीं जोडतात. गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला 1976 सालीं! जमिनीसाठीं कोयनेच्या लोकांना साठ वर्षांनंतरही झगडावें लागत आहे. कुणब्याच्या नांवें निदान उतारा तरी होता. सुतार, लोहार, कुंभार यांचें बलुतें कोणत्या उताऱ्यावर लिहिलेलें असतें? गांव मोडलें कीं त्यांचा धंदाच मोडला.

वीज नको, असें मी म्हणत नाहीं. पण पाणी वर चढवून वीज काढण्याच्या नव्या योजना सह्याद्रींत आजही निघत आहेत. उद्यां नोटीस आपल्याही दारीं येईल. म्हणून सांगतों, वारसनोंदी आजच करून घ्या. नोटीस वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा देऊं नका. हरकत मुदतींत व लेखी द्या, पोंच घ्या. बिनजमिनीच्या कारागिराचें नांव यादींत आहे कीं नाहीं, तें सर्वांनीं मिळून पाहा. आणि मुलामुलींना शाळेंतून काढूं नका. घरांत वाचणारें माणूस असलें कीं फसवणूक अवघड होते.

ज्याची जमीन बुडाली, त्याच्या घरीं पहिला दिवा लागला पाहिजे. एवढें मागण्यास आपण एकजुटीनें उभें राहावें, अशी विनंती करून मी आपली रजा घेतों.